उसनी कपबशी

कप अजून ओला होता. राजम्मानं तो बशीत ठेवून पुढे केला आणि मधुवंतीनं त्याच्या कानात बोट घालून उचलला, तेव्हा पेराला ती चीर लागली. केसाएवढी, तपकिरी, कानाच्या वरच्या सांध्यापासून निघून हिरव्या फुलाच्या देठापर्यंत गेलेली. तासाभरापूर्वी हीच चीर ह्याच पेराला लागली होती. ह्याच मजल्यावर, चार दारं अलीकडे, सोह आंटीच्या खोलीत. तेव्हा कप कोरडा होता आणि त्यातला चहा इतका गोड होता की टाळूला चिकटून राहिला. आता त्यात राजम्माचा आल्याचा चहा होता. मधुवंतीनं मान वर केली. स्टुलावर हिरवा टेबलफॅन डोकं हलवत होता आणि त्याच्या जाळीला बांधलेली लाल फीत फडफडत होती. तीही पाहिलेली. शेजारी रुचिर मांडीवर आयपॅड ठेवून राजम्माला विचारत होता, घरात माणसं किती, गोळ्या कसल्या, फ्रिज चालतो का. आणि राजम्मा, सत्तरी ओलांडलेली तमिळ बाई, त्याच्या प्रत्येक प्रश्नाला आधी होकार देऊन मग उत्तर शोधत होती. तिची नजर मात्र मधुवंतीच्या हातातल्या कपावर होती. दोघींची नजरानजर झाली. राजम्मा हसली नाही, तिनं डोळेही खाली घेतले नाहीत, नुसतं पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. आणि मधुवंतीच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर, चपला दाराबाहेर काढल्या होत्या त्या उघड्या अंगठ्यावर, कुणीतरी आपला पाय ठेवून दाबला. तिनं खाली पाहिलं. खाली फरशी होती. नुसती फरशी.

सिंगापुरातल्या बेडोकच्या त्या ब्लॉकमध्ये एकेका मजल्यावर बावीस दारं होती, आणि प्रत्येक दाराआड एकच खोली. भाड्याच्या खोल्या, सरकारी, आणि राहणारी बहुतेक म्हातारी, एकेकटी. एक मदत-संस्था तिथे काम करायची, आणि मराठी मंडळातले चारसहा जण महिन्यातून दोन शनिवार तिच्यासाठी घरोघर जायचे. आठ दिवस आधी दाराच्या फटीतून पत्र सरकवायचं की अमुक दिवशी अमुक वाजता आम्ही येतोय. मग जोडीनं जायचं, बसायचं, बोलायचं, आणि फॉर्म भरायचा: घरात काय आहे, काय नाही. दोघांच्या सह्या. मंगळवारी संस्थेची समिती बसून ठरवायची, कुणाला काय द्यायचं. सोह आंटी चिनी, एकटी, आणि तिनं मागितलं होतं ते थोडकं होतं, दोन वेळचं गरम जेवण दारात मिळावं. ते मिळालं असतं तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला पुठ्ठ्यांची गाडी ढकलत ब्लॉक-ब्लॉक हिंडावं लागलं नसतं. त्यातून यंदा हेझ. सुमात्रातली रानं जळत होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून महिनाभर सिंगापूरवर बसला होता. समोरचा ब्लॉक दुपारी तीनला दिसेनासा व्हायचा. आंटी खोकायची, खोकताना गाडीचा दांडा धरून वाकायची आणि खोकला गेला की पुन्हा ढकलायला लागायची. मधुवंतीनं तिला तसं कितीदा तरी पाहिलं होतं. आणि तरीही तासाभरापूर्वी, पंख्याच्या वाऱ्यात, फुलाफुलांच्या थर्मासमधून ओतलेला चहा पीत, तिनं रुचिरच्या फॉर्मखाली बोटानं सही केली होती. पंखा, आहे. थर्मास, आहे. चिनी मातीची भांडी, आहेत. घर नीटनेटके. तातडीची गरज दिसत नाही.

लिफ्टपाशी रुचिरनं मास्क नाकावर चढवला आणि म्हणाला की सोह आंटीचं तसं बरं चाललंय, नाही का. तो बँकेच्या आयटीत होता, मनानं चांगला, शनिवारची झोप मोडून येणारा. त्याचं म्हणणं असं की इथली गरिबी म्हणजे आपल्याकडचा मध्यमवर्ग. आपल्याकडच्या झोपडपट्टीत कधी पाय ठेवलायस का, तिथे कपाला बशी नसते. मधुवंतीनं लिफ्टचं बटण दाबलं. रुचिरच्या लेखी ती पुण्याची होती, आणि पुण्याची म्हटल्यावर कुठली हे त्यानं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. तिच्या नावानंच ते ठरायचं. रागाचं नाव ठेवणाऱ्या घरात तंबोरा असणार, भिंतीला पुस्तकं असणार. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. तो राग त्यांना कधी धड वाजवता आला नाही, म्हणून त्यांनी तो लेकीला घालून टाकला. हे तिनं इथे कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची तिच्या तोंडाला सवयच नव्हती. “तुला काय झालं?” रुचिरनं विचारलं. “तो कप,” ती म्हणाली. लिफ्टचं दार उघडलं. “कुठला कप?” तो आत शिरत म्हणाला. त्याला खरंच दिसला नव्हता. पंखा दोनदा मोजूनही दिसला नव्हता. फॉर्ममध्ये दोन घरांत दोन पंखे झाले होते.

ती चालत निघाली. तिची भाड्याची खोली तिथून दहा मिनिटांवर होती. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर, पंख्यांखाली धूर गोल गोल फिरत होता आणि तळलेल्या माशाच्या वासाला जळक्या पाचोळ्याचा वास लागला होता. दिवस असून दिवे लावलेले. ह्या पिवळ्या, आजारी उजेडात तिला नेहमी वाटायचं की आपण त्या वह्यांमध्येच राहतो. एकवीस वह्या. युनिव्हर्सिटीनं तिला दोन वर्षांसाठी त्यांच्याच कामाला ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये, पूर्वेकडच्या कोंदट बोळांतून, एका धर्मादाय मंडळाची मिस कॅल्थोर्प नावाची बाई दर गुरुवारी फिरायची आणि खोली-खोलीत जाऊन टिपून ठेवायची: कोण पितं, कोण कामाचं, कोण मदतीला लायक, कोण नाही. तिचं तिरपं, घाईचं अक्षर लावायचं आणि संगणकावर उतरवायचं. मधुवंतीला ते अक्षर आता स्वतःच्या अक्षराइतकं ओळखीचं झालं होतं. टॅलो कोर्ट नावाचा एक बोळ. त्यातली सात नंबरची खोली. मिसेस पेग, विधवा, दोन मुली, काड्यापेट्या चिकटवणारी. पिठाची खळ, कागद, पातळ लाकडाच्या पट्ट्या. चिकटवलेल्या पेट्या वाळत घालायला जागा नाही म्हणून त्या बिछान्यावरच मांडायच्या, आणि पेट्या वाळल्याशिवाय पोरींना झोपायला मिळायचं नाही. हे वाचलं तेव्हा मधुवंतीचे डोळे भरून आले होते. मग तिनं डोळे पुसले होते आणि पुढचं उतरवलं होतं. काय होतं ते पुढचं? ती फुटपाथवर थांबली. मागून येणारी सायकल घंटी वाजवत बाजूनं गेली. खोली झाडलेली. शेगडीवरच्या फळीवर निळ्या नक्षीच्या कपबश्या, एका कपाचा कान तुटून सांधलेला. बाईने चहा दिला. थोरली मुलगी नीटस. धाकटी कपाकडे टक लावून बसते, विचारल्यास बोलत नाही, मंद असावी. मदतीची गरज दिसत नाही.

आणि त्याच गुरुवारी, पान उलटल्यावर, नऊ नंबर. निळ्या नक्षीच्या कपबश्या, एकाचा कान सांधलेला.

दोन्ही पानं तिनंच उतरवली होती. आठ महिन्यांपूर्वी, एका सकाळी, एकामागोमाग एक. शिवाय तळटीप दिली होती की निळ्या नक्षीच्या कपबश्या त्या काळी गरीब वस्त्यांतही सर्रास असाव्यात. प्रोफेसरांनी त्या तळटिपेचं कौतुक केलं होतं. जगातल्या कुठल्याही इतिहासकाराला ही चूक माफ होती. सात नंबरमधून नऊ नंबरमध्ये, मागच्या जिन्यानं, फडक्याखाली झाकून नेलेल्या कपबश्या त्याला दिसणार कशा? पण तिला दिसायला हव्या होत्या. कपबश्या कशा नेतात ते तिला माहीत होतं. एका हातात दोनच घ्यायच्या, बशीवर कप उपडा घालायचा म्हणजे वाजत नाही. लहानपणी तिची ताई तशाच नेत असे. आणि आणखी काही पानांनंतर मिस कॅल्थोर्पनं लिहिलं होतं की सात नंबर रिकामा. बाई वर्कहाऊसमध्ये गेल्याचे कळते, म्हणजे निराधारांना राबवून पोसणाऱ्या त्या दगडी घरात. मुलींचे ठाऊक नाही. एवढंच. मुलींचे ठाऊक नाही. थोरलीचंही नाही, आणि त्या मंद धाकटीचंही नाही.

मंद. खोलीवर येऊन तिनं खिडकी लावली, पंखा लावला, बंद केला. विनीताबाई तिला मंद म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी गालाला हात लावून म्हटलं होतं, ही धाकटी अबोल दिसते. पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, रविवारची दुपार, मधुवंती आठ वर्षांची. मुलींना शिकायला मदत करणारा एक न्यास होता, आणि थोरल्या वसुधाला नर्सिंगच्या कोर्सला हॉस्टेलसकट घ्यावं असा अर्ज वडिलांच्या बँडमास्तरनं लिहून दिला होता. ताईला बारावीला चांगले मार्क होते. वडिलांची छाती तोवर गेली होती. क्लॅरिनेट खुंटीला, आणि ते कॉटवर, फुंकर मारल्यासारखा श्वास घेत. पत्र आलं की रविवारी चार वाजता आमच्या विनीताबाई घर बघायला येतील. घर बघायला येतील. आईनं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. आई चार घरची भांडी घासायची. घासताना तिच्या तोंडात सारखं काहीबाही असायचं, कुठलं कुणाला माहीत, माहेरचं, शेतावरचं, निम्मं तिचं तिनंच जुळवलेलं. राखेचा हात फिरवत म्हणायची:

पाव्हणा दारी आला, शेजी गं, दे तुझा पाट,
माझ्या रित्या घराची, नको त्याला कळू वाट.

ती त्या शनिवारी शेजी-शेजीकडे गेली. कमलाकरकाकांच्या घरून सोनेरी काठाच्या कपबश्या, सहातल्या चार. देवदत्त शिंप्याची घडीची खुर्ची. कुणाची मोराची चादर, कुणाचा स्टीलचा डबा, आतून रिकामा पण घासून आरशासारखा. शेजारणींनी हसत हसत दिलं. पाहुणा एकीचा असला तरी लाज सगळ्यांची होती. आणायचं काम ताईकडे. बोळात चिखल, ताईच्या हातात कपबश्या, आणि मधुवंती पुढे पळत सांगायची, सरका, सरका. आईला कुणी म्हणालं नसेल का की बाई, तुला गरीब दिसायचंय? म्हणालं असेल. पण आईच्या हिशेबी येणारी बाई म्हणजे पाहुणी होती, आणि पाहुणीला जमिनीवर बसवून जर्मनच्या वाडग्यात चहा देणं हे आईच्या हातून झालंच नसतं. बाईंना सांगायचं ते तोंडानं सांगू, तिला वाटलं असेल. अडचण तोंडानं सांगायची असते. घरानं सांगायची नसते.

विनीताबाई आल्या. सुती साडी, जाड चष्मा, आवाज मऊ. घडीच्या खुर्चीवर बसल्या, चादरीवरून हात फिरवला, चहा घेतला, आणि म्हणाल्या, वा, किती छान ठेवलंय घर. आईचं तोंड उजळलं. ते तोंड मधुवंतीला आजही दिसायचं. तितकं उजळलेलं तिनं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. बाईंनी वही काढली, शाईचं पेन काढलं. मधुवंती ताईच्या शेजारी कॉटला टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडात एक वाक्य आलं होतं. लिमलेटच्या गोळीसारखं ते जिभेवर फिरत होतं: हे कप आमचे नाहीत. वाईट हेतूनं नव्हे. तो कप उचलताना बाईंची करंगळी वर होत होती आणि कप देताना शेजारच्या काकूंनी तर सांगितलं होतं की जपून हं, म्हणून. गालाला हात लावून बाईंनी विचारलं, काय गं, तुला काही सांगायचंय का? आणि तेवढ्यात ताईचा पाय तिच्या अंगठ्यावर आला. टाच नव्हे, चवडा. भार देऊन, सावकाश. मधुवंतीनं ते वाक्य गिळलं. तिला ते घशातून खाली जाताना कळलं. ही धाकटी अबोल दिसते, बाई म्हणाल्या. पंधरा दिवसांनी कार्ड आलं की घरची परिस्थिती समाधानकारक असल्याने सदर मदत अधिक गरजू मुलीस देण्यात येत आहे. बोळातल्या बायका म्हणाल्या, जाऊन सांग की वस्तू उसन्या होत्या. आई म्हणाली, चहा पाजून मग तोंडावर सांगू, की बाई, कप तुमच्यासाठी मागून आणला होता? पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. दिवाळीच्या आत ताई आईबरोबर भांड्यांना जायला लागली. पुढे स्वैपाकाला. मधुवंतीची शाळा, कॉलेज, एम. ए., सगळं ताईच्या हातांतून गेलं. त्या हातांची आता गरम पाण्यात घातल्याशिवाय मूठ वळत नाही.

फॉर्म सोमवार संध्याकाळपर्यंत उघडता येत होता. दोघांपैकी कुणीही दुरुस्ती करू शकत होतं, मात्र कारण लिहावं लागे. तिनं तो रविवारी सकाळी आपल्या आयपॅडवर उघडला. ‘कारण’ ह्या चौकटीत तिनं लिहिलं की वस्तू शेजारच्या घरातून आणलेल्या. मग खोडलं. काय पाहिलं होतं तिनं? एक चीर. आणि हे लिहिलं की सोह आंटीला कळणारच. निरोप द्यायला येणारा माणूस विचारणारच, की आंटी, तुझ्याकडे पंखा आहे की नाही? तिला आंटीचा चहा ओततानाचा हात आठवला. थर्मास धरलेला, एक थेंब बाहेर पडू न देणारा. पत्र मिळाल्यापासून आठ दिवस ती ह्या चहाच्या मागे असणार. आणि तो चहा नेऊन भरायचा कुठे, तर आयपॅडवरच्या चौकटीत. दुसरीकडे मंगळवार होता, गाडीचा दांडा होता, धूर होता. मधुवंतीला आपल्या तोंडात ते जुनं वाक्य पुन्हा लिमलेटसारखं फिरताना जाणवलं, आणि तिनं फोन उचलला. गेल्या पंचवीस वर्षांत तिनं ताईला ह्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

वसुधा कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या जिन्यावर बसली होती, दोन घरांच्या मध्ये. मागे कुणाचा तरी मिक्सर चालला होता. आज कशी आठवण झाली, तिनं विचारलं. लंडनच्या म्हाताऱ्यांना सुट्टी दिलीस वाटतं. मग ती ऐकत राहिली. कप, चीर, राजम्मा, पंख्याची लाल फीत. मध्येच हसली. म्हणाली, बघ, तिकडंपण तेच. तुमच्या विमानाच्या देशात. आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्या म्हातारीनं कप लगेच परत नेऊन दिला ना?

“दिला. धुऊन,” मधुवंती म्हणाली. “ताई, विनीताबाई आल्या होत्या तेव्हा तू माझा पाय दाबला होतास.”

“आठवतंय की.”

“मी बोलणार होते. तू दाबलास म्हणून गप्प बसले.”

मिक्सर थांबला. मग तिचा आवाज आला तो अगदी साधा, भाजी निवडताना बोलावं तसा. “गप्प बस म्हणून कशाला दाबीन गं? तू गप्पच होतीस. बोल म्हणून दाबला होता.”

मधुवंती खिडकीपाशी गेली. काचेबाहेर काही नव्हतं.

“मला बोलता येत नव्हतं,” वसुधा म्हणाली. “मी सतरा वर्षांची घोडी. मी बोलले असते तर आईचं नाक कापलं गेलं असतं. तू लहान. लहान पोरानं काही म्हटलं तर लोक हसतात. बाई हसल्या असत्या, आईनं रात्री तुला दोन धपाटे घातले असते, पण त्यांच्या वहीत गेलं असतं ना ते. मी सारखी मनात म्हणत होते, मधू बोलेल, आता मधू बोलेल.”

“मग एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं त्यात? तुला शिकायचं होतं.” आणि थोडं थांबून, “ठेवते. कुकर लावायचाय. त्या आंटीचं मात्र कर काहीतरी.”

फोन ठेवल्यावर तिला आधी राग आला, कुणाचा ते कळेना. मग ती पलंगावर बसली आणि तिनं उजवा पाय मांडीवर घेऊन अंगठा पाहिला, जसं काही पंचवीस वर्षांनी तिथे वळ शोधायचा होता. तिच्या सगळ्या आयुष्याला त्या दाबाचा आधार होता. गप्प बसायचं, घरचं घरात ठेवायचं, ताईनंच तर सांगितलं होतं. न सांगण्याला तिनं निष्ठा म्हटलं होतं. सेमिनारमध्ये, मंडळाच्या गणपतीत, रुचिरच्या घरी जेवताना त्याच्या बायकोनं तुमचा वाडा कुठला असं विचारलं तेव्हा, प्रत्येक वेळी तो चवडा येऊन अंगठ्यावर बसायचा आणि ती गोड हसून विषय बदलायची. आणि तो चवडा सतरा वर्षांच्या मुलीची हाक होती. तेवढीच एक हाक तिला मारता येत होती, तीही कुणाच्या डोळ्यांत न येता, पायानं. टॅलो कोर्टातल्या त्या धाकटीच्या शेजारी थोरली बसली होती. नीटस. तिचे पाय कुठे होते ते मिस कॅल्थोर्पनं लिहिलेलं नाही.

ती तशीच आयपॅड उचलून आंटीकडे गेली. न कळवता. लिफ्टमध्ये तिला वाटलं की हे चुकतंय, न कळवता कुणाच्या घरी जाणं हे झडती घेण्यासारखंच, आणि लिफ्ट थांबली. कॉरिडॉरमध्ये बांबूंवर कपडे वाळत होते, धुराचा वास पिऊन जड झालेले. सोह आंटीचं आतलं दार उघडं होतं, बाहेरचं लोखंडी जाळीचं लावलेलं. जाळीतून खोली दिसली. गुंडाळलेली गादी. भिंतीला छातीइतका पुठ्ठ्यांचा थर, दोरीनं बांधलेला. एक स्टूल. खिडकी धुरासाठी बंद, आणि उकाडा असा की जाळीबाहेर तोंडावर येत होता. काल टेबल होतं तिथे फरशीवर टेबलाच्या पायांचे चार ठसे. नळापाशी प्लास्टिकचा एकच मग, त्यात टूथब्रश. आंटी गंजी आणि अर्ध्या चड्डीत जमिनीवर बसून पेट्या उलगडून चपट्या करत होती. तिनं मान वर केली, पाहिलं, आणि दोन्ही हातांनी आधी केस सारखे केले.

“यू नेव्हर से यू कमिंग,” ती म्हणाली.

मधुवंती सॉरी म्हणाली. आंटी उठली, गुडघ्यावर हात ठेवून, टप्प्याटप्प्यानं. खुंटीचा फुलाफुलांचा ब्लाउज अंगात घातला, बटणं लावली. जाळी उघडली. मधुवंतीला वाटलं की आत ये म्हणेल. पण ती तिच्या बाजूनं, तिच्याकडे न बघता, स्लिपरा फरफटत कॉरिडॉरमधून निघून गेली. एक दार, दोन, तीन, चार. राजम्माच्या जाळीशी काही बोलणं झालं, दोघींना येणाऱ्या मोडक्या मलायमध्ये, हळू. आणि ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात कप होता आणि दुसऱ्यात बशी, आणि तिनं ते लपवले नव्हते. आत जाऊन तिनं पोचे आलेल्या भांड्यात पाणी ठेवलं. स्टुलाकडे बोट केलं. मधुवंती बसली. पाणी उकळेपर्यंत आंटी पाठमोरी उभी होती आणि तिच्या ब्लाउजवर घामाचा डाग हळूहळू मोठा होत होता. चहा आला. आंटी पुठ्ठ्यांवर बसली, रिकाम्या हातांनी, आणि पाहुणीच्या तोंडाकडे बघू लागली, आवडतोय का ते.

पेराला चीर लागली.

“आंटी,” मधुवंती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला तो स्वतःचा वाटेना. “धिस कप इज राजम्माज.”

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. आंटीचा चेहरा हलला नाही. फक्त पापण्या एकदा मिटल्या आणि उघडल्या. “ड्रिंक फर्स्ट,” ती म्हणाली. “कोल्ड, नॉट नाइस.”

मधुवंती प्यायली. गोड, टाळूला चिकटणारा चहा, शेवटच्या घोटापर्यंत. आंटी थांबून राहिली होती. कप खाली आल्यावर म्हणाली, “फॅन ऑल्सो हर वन. टेबल, हर वन. थर्मॉस, अपस्टेअर्स.” एकेक वस्तू परत केल्यासारखी ती जमिनीवर ठेवत गेली. मग खोकला आला. तो बराच वेळ टिकला. तो गेल्यावर तिनं तोंड पुसलं आणि मधुवंतीच्या मांडीवरच्या आयपॅडकडे हनुवटी केली. “यू राइट, लाह. यू राइट व्हॉट यू सी.”

“थँक यू, आंटी.”

“बट नेक्स्ट टाइम,” आंटी कप उचलत म्हणाली, “यू डोंट कम. आस्क दे सेंड अनदर वन.” त्यात राग नव्हता. आपलं घर ज्यानं रितं पाहिलं, त्या माणसाला पुन्हा चहा देता येत नाही, एवढंच होतं. तिनं नळाखाली कप धुतला, बशी धुतली, बोटानं चीर चोळून धुतली, आणि दोन्ही ओलेच घेऊन ती बाहेर गेली.

मधुवंतीनं लिहिलं. पंखा नाही. टेबल नाही. थर्मास नाही. मग रुचिरच्या जुन्या ओळीवर आली, चिनी मातीची भांडी, आहेत. ती पुसली आणि तिथे लिहिलं, पाहुण्यासाठी शेजारून आणतात. ‘कारण’ ह्या चौकटीत तिनं लिहिलं की मी पाहिले. रुचिरनं फॉर्म उघडल्याची खूण लगेच आली, त्यानं काही विचारलं नाही, किंवा विचारायचं काय ते त्याला कळलं नाही. जेवण मंजूर होईल, हे तिला माहीत होतं. अशा नोंदीला समिती नाही म्हणत नसे. खोलीत आता दुसऱ्याचं काही उरलं नव्हतं, तिच्याशिवाय.

ती दारात आली. कॉरिडॉरच्या त्या टोकाला, राजम्माच्या जाळीपाशी, सोह आंटी पाठ करून उभी होती. कप कधीच आत गेला होता. दोन्ही हात मोकळे सोडून ती नुसती उभी होती, धुराकडे तोंड करून, पाहुणी जायची वाट बघत. राजम्मानं जाळीतून एकदा मधुवंतीकडे पाहिलं आणि आतलं दार लोटून घेतलं. मधुवंतीनं चपलेत पाय घातला. अंगठा हलका लागला, इतका हलका की तिनं थांबून तो हलवून पाहिला. इतकी वर्षं ताईचा पाय होता त्याच्यावर. आता तोही नव्हता.